फळ्यांची चहाडी

नोरीन पॅस्को ही माझी शेजारीण. तिच्या आणि माझ्या घरामध्ये एक तारेचं कुंपण आहे आणि तिचं आंब्याचं झाड. झाड तिच्या हद्दीत, निम्मे आंबे माझ्या हद्दीत, आणि त्यावरून गेली चाळीस वर्षं आमची जी भांडणं झाली ती आमच्या मेरीबरोच्या त्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहेत.

त्या आंब्यांपायीच ती जानेवारीत, आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, पडली. टोपली घेऊन मागचा जिना उतरत होती, पाय सटकला, खुब्याचं हाड मोडलं. वय अठ्ठ्याहत्तर. इस्पितळात नवा खुबा बसवला, तीन आठवडे ठेवून घेतलं आणि घरी सोडलं. तिची मुलगी लिनेट नवऱ्याला, रॉसला, मागे ठेवून टुवूम्बाहून गाडीत दोन बॅगा टाकून आली. आली ती राहिलीच.

आमच्याकडची जुनी घरं खांबांवर उभी असतात. माणसं वर राहतात आणि खाली गाडी, कपडे धुवायचं मशीन, मोडक्या सायकली. नोरीनच्या नवऱ्याने, कीथने, हयात असताना खाली एक खोली काढली होती. लिनेटने तिथे टेबल मांडलं. एका विमा कंपनीचं काम ती घरून करते, दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या उडालेल्या छपरांच्या तक्रारी ऐकत असते. तिच्या डोक्यावर छत असं काही नाही. आडव्या तुळया, त्यांवर ठोकलेल्या पाइनच्या फळ्या, आणि त्याच फळ्या म्हणजे वरच्या नोरीनची जमीन.

आणि ती जमीन बोलायची. हिवाळ्यात, म्हणजे जूनच्या सुमारास, तर जास्तच; आमच्याकडे तेव्हा हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं, शंभर वर्षांचे खिळे सैल होतात. पाय पडला की फळी खिळ्यावर खाली सरकते, पाय उचलला की वर. दर पावलाला करकर. मी बेचाळीस वर्षं सुतारकाम केलं, त्यातली निम्मी लोकांच्या जमिनी करण्यात गेली, तेव्हा हा आवाज मला झोपेतही ओळखता येईल. लिनेटलाही यायला लागला. नोरीन खुर्चीतून उठली की दोन पावलांत खालून झाडूच्या दांड्याचे ठोके सुरू.

"आई! कुठे चाललीस? बस!"

"पाणी घ्यायला!"

"मी आणते! बस खाली!"

मी माझ्या व्हरांड्यात चहा घेत हे रोज ऐकायचो. फेब्रुवारीत ठीक होतं. मार्चमध्येही ठीक होतं. पण जून उजाडला तरी दांडा थांबेना. नोरीनची फिजिओ, एक तरतरीत पोरगी, दर पंधरा दिवसांनी यायची आणि जाताना जिन्यावरून मोठ्याने सांगून जायची, "भरपूर चाला, मिसेस पॅस्को! वाका, गुडघे टेका, सगळं करा!" तिची गाडी वळली की लिनेट म्हणायची, "तिचं काय जातंय? निस्तरायचं मला आहे."

एका सोमवारी नोरीन व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभी होती. मला पाहून तिने बोट ओठांवर ठेवलं आणि खुणेने जवळ बोलावलं.

"उद्या दहाला वर ये. ती पोहायला जाते, मंगळवारी आणि गुरुवारी, त्या दिवशी तिची पाळी दुपारची असते. बारापर्यंत येत नाही. ड्रिल घेऊन ये."

"काय मोडलं?"

"काही नाही. ये म्हटलं की यायचं."

दुसऱ्या दिवशी मी ड्रिलची पेटी घेऊन गेलो. ती बैठकीच्या खोलीत मधोमध उभी होती, कंबरेवर हात.

"ऐक," म्हणाली आणि झोपायच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत चालत गेली. करकर, कुर्रर्र, कट्, करकर. परत आली. पुन्हा तेच.

"ही जमीन माझी आहे, डेस. छप्पन वर्षं मी ही पुसलीय. गुडघ्यांवर बसून मेण लावलंय. आणि आता ही माझीच चहाडी करते. मी संडासाला किती वेळा जाते ते खाली कळतं. मला हिचं तोंड बंद करायचंय."

मला हसू आलं, पण तिचा चेहरा पाहून मी ते गिळलं.

"सोपं आहे," मी म्हटलं. "खालून तुळई आणि फळीच्या फटीत लाकडाच्या पाचरी मारतो. अर्ध्या दिवसाचं काम."

"आणि ती दिवसभर कुठे बसते? मान वर केली की नव्याकोऱ्या पाचरी. मूर्ख आहेस का?"

"मग वरून स्क्रू मारावे लागतील. एकेक शोधून. पण माझा खांदा तुला माहीत आहे. ड्रिलवर जोर दिला की रात्रभर ठणकतो."

"तुला कोण म्हणतंय कर म्हणून?" ती म्हणाली. "तू त्या खुर्चीत बसायचं आणि सांगायचं. करणार मी. हात लावलास तर चहा मिळणार नाही."

"नोरीन, खाली बसावं लागेल. जमिनीवर."

"जमीन तिथेच असते ना? आणि फिजिओ काय म्हणते, ऐकलंस की."

फिजिओने शिकवलं होतं तशी ती खुर्चीची पाठ धरून एक गुडघा टेकत, मग दुसरा टेकत खाली गेली. खाली उशी ठेवली होती. जाताना ठीक गेली. त्या दिवशी तिने उठण्याआधी एकच काम केलं, खडूने खुणा केल्या. मी खोलीभर चालायचो, ती गुडघ्यांवर सरकत माझ्या मागे, आणि जिथे आवाज येईल तिथे फुली. एकंदर सतरा फुल्या झाल्या. मग उठायची वेळ आली. खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही हात, चांगला पाय पुढे, आणि ती तिथेच अडकली. मी पुढे झालो.

"मागे हो!"

मी मागे झालो. तिचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा वर आल्या. तिसऱ्या प्रयत्नाला ती उठली आणि उठता उठता जी शिवी दिली ती मी तिच्या तोंडून चाळीस वर्षांत ऐकली नव्हती. आंब्यांच्या भांडणातसुद्धा.

मग केटल ठेवली तिने. ओल्या फडक्याने पुसून फुल्या लहान केल्या, लिनेटला दिसू नयेत इतक्या.

गुरुवारी खरं काम सुरू झालं. खिळ्यांची रांग दिसतेच वरून, म्हणजे तुळई कुठे आहे ते शोधायला नको. मी सांगितलं, आधी बारीक भोक पाड, मग स्क्रूचं डोकं आत बसेल एवढी खळगी कर, मग स्क्रू. तिने बारीक भोक सोडून दिलं. म्हणाली, पाइन मऊ असतं.

"पाइन मऊ आहे. खालची तुळई आयर्नबार्कची आहे, लोखंडासारख्या कठीण लाकडाची, तीही शंभर वर्षं वाळलेली. तिच्यात—"

कटकन स्क्रूचं डोकं तुटलं.

"—जात नाही," मी म्हटलं.

"आधी सांगता येत नाही?"

"सांगितलं की!"

"मोठ्याने सांगायचं!"

त्यानंतर मात्र ती एकही भोक चुकली नाही. स्क्रूच्या आट्यांना अंघोळीचा साबण चोळायला मी शिकवलं, म्हणजे तो न तुटता आत सरकतो. जिथे दोन फळ्या एकमेकींवर घासत होत्या तिथे स्क्रूची गरज नव्हती. तिथे ती फटीत टाल्कम पावडर टाकायची आणि रंगाच्या ब्रशने आत सारायची. स्क्रूच्या डोक्यावर पुट्टी भरायची, त्यात जुन्या चहाच्या चोथ्याचं पाणी घालून रंग जुळवायची. ही तिची स्वतःची अक्कल, मी शिकवलेली नाही. मी खुर्चीत बसून हात चोळत राहायचो. सुताराला दुसऱ्याच्या हातात ड्रिल बघत बसणं म्हणजे काय असतं ते सुतारालाच ठाऊक. दोनदा माझा हात आपोआप पुढे गेला आणि दोनदा तिने त्यावर स्क्रूड्रायव्हरची मूठ मारली.

दर वेळी दोनच फुल्या व्हायच्या. दुसऱ्या आठवड्यात ती पहिल्याच प्रयत्नात उठली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रूची डबी बंद केली.

दहा फुल्या झाल्या तसा खालचा दांडा जवळपास बंद पडला. नोरीन स्वयंपाकघरात जायची, व्हरांड्यात यायची, मागच्या खोलीत जाऊन कीथच्या कपाटातली कागदपत्रं चाळायची आणि खाली कुणाला पत्ता नसायचा. उरलेल्या सात फुल्या कुठे आहेत ते तिला पाठ होतं, त्या ती ओलांडायची. मला व्हरांड्यातून ती दिसायची, आपल्याच घरात शाळा बुडवलेल्या पोरीसारखी हिंडताना.

मग एका शनिवारी लिनेट कुंपणापाशी आली. डोळ्यांखाली काळं.

"डेस, तुम्हाला आईत काही फरक वाटतो का?"

"कसला?"

"गप्प झालीय ती. आधी सारखी उठायची, माझ्याशी भांडायची. आता दिवसभर खुर्चीतून हलत नाही. मी कान देऊन बसते. काहीच आवाज नाही." तिने तार घट्ट धरली होती. "आजीचंही असंच झालं होतं शेवटी. मी हार्वी बेला एक वृद्धाश्रम बघून आलेय. समुद्र दिसतो खोलीतून. पुढच्या महिन्यात जागा होतेय, नाव घालून ठेवलंय."

"नोरीनला सांगितलंस?"

"योग्य वेळ आली की सांगेन. तुम्ही बोलू नका हं."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. घरात येऊन बसलो आणि मला काही सुचेना. आम्ही दोघांनी मिळून त्या जमिनीला इतकं गप्प केलं होतं की नोरीन मरायला टेकली असं तिच्या पोटच्या पोरीला वाटत होतं. रविवार मी कसाबसा काढला. सोमवारी न राहवून, लिनेट कामाला बसल्यावर, पुढच्या जिन्याने वर गेलो आणि हळू आवाजात नोरीनला सगळं सांगितलं. समुद्राचंही.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणलीयस?"

"काय?"

"पेटी."

"आज सोमवार आहे. ती खाली आहे."

"मला दिसतंय ती कुठे आहे. पेटी आण."

"नोरीन, ऐक. तिच्याशी बोल. समजावून सांग."

"पाच महिने बोलतेय मी. 'पाणी घ्यायला' हेच बोलतेय. आण म्हणते ना!"

मी पेटी आणली. ती खुर्चीला न टेकता, नुसता टेबलाचा कोपरा धरून खाली बसली, बरोबर लिनेटच्या टेबलावर येणाऱ्या फुलीपाशी. उशीसुद्धा घेतली नाही. ड्रिल लावलं आणि दाबलं.

जुन्या आयर्नबार्कमध्ये ड्रिल शिरताना जो आवाज होतो तो वरच्या खोलीतही दाताला लागतो. खाली, फळ्यांच्या पोटात बसलेल्या माणसाचं काय होत असेल ते मला माहीत आहे. मग खुर्ची पडल्याचा आवाज आणि जिन्यावर धावती पावलं.

लिनेट दारात आली. कानाला हेडफोन तसाच, वायर लोंबतेय, केसांत लाकडाचा भुसा.

"आई! काय करतेयस? उठ! डेस, तुम्ही हिला खाली बसू दिलंत?"

"कुणी बसू द्यायला मी काय कुत्रं आहे?" नोरीन म्हणाली. तिने खळगी केली, साबण चोळलेला स्क्रू लावला आणि शेवटपर्यंत आत घातला. मग ड्रिल बाजूला ठेवलं.

लिनेट तिच्या काखेत हात घालायला वाकली.

"हात लावू नकोस."

"तुला उठता येणार नाही, आई!"

नोरीनने टेबलाचा कोपरा धरला, पाय पुढे घेतला आणि उठली. सावकाश उठली, कण्हत उठली, पण उठली. मग ती उरलेल्या फुल्या ओलांडत त्या खोलीत चालली. खिडकीपर्यंत गेली, परत आली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, परत आली. एकही फळी बोलली नाही. लिनेट पायांकडे बघत राहिली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तीन आठवडे. मी रोज इथून तिथून पन्नास वेळा जाते. काल अंगणात जाऊन आले, तू फोनवर होतीस. तुला माहीत नाही आणि तुला माहीत नसावं हेच मला पाहिजे होतं."

"मी खाली बसून रडत होते! मला वाटलं तू संपत चाललीस!"

"म्हणून समुद्र दाखवणार होतीस?"

लिनेटने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे.

"जानेवारीत तू दोन तास त्या जिन्याखाली पडून होतीस," लिनेट म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. "दोन तास, आई. कुणाला कळलं नाही. हे शेजारी होते, यांनाही कळलं नाही."

ते खरं होतं. मी क्रिकेट बघत होतो, आवाज मोठा करून. कुंपण आणि एक झाड मध्ये, आणि ती माझं नाव घेऊन हाका मारत होती, असं रुग्णवाहिकेच्या माणसांनी नंतर मला सांगितलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही आणि नोरीनने मला एकदाही ऐकवलेलं नाही.

"हो, पडले," नोरीन म्हणाली. "परतही पडेन कदाचित. पण पडायचंच असेल तर चालता चालता पडेन. खुर्चीत बसून जिवंत राहून काय लोणचं घालायचंय माझं?"

"तुला माझी काळजी समजत नाही."

"समजते. आणखीही एक समजतं." नोरीन खुर्चीच्या कडेला बसली. तिला दम लागला होता. "रॉसने तुमचं घर विकायला काढलंय. फेब्रुवारीतच मला कळलं, त्याच्या बहिणीने पत्र लिहिलं होतं. तुला तिकडे जायचं नाही. जायला काही उरलेलंच नाही. मग इथे राहायला कारण पाहिजे, आणि ते कारण मी आजारी असणं. लिनेट, राहायचं असेल तर राहा. सरळ तोंड उघडून माग. पण तुला जागा पाहिजे म्हणून मला अंथरुणात घालू नकोस."

मला तिथून निघून जायचं होतं, पण दारात लिनेट उभी होती. तेवढ्यात तिच्या हेडफोनमधून बारीक आवाज आला, "हॅलो? हॅलो, ऐकू येतंय का?" बंडाबर्गचा कुणीतरी माणूस, गोठ्याचं छप्पर उडालेला, इतका वेळ तसाच थांबला होता.

लिनेटने यांत्रिकपणे माइक तोंडाशी घेतला. "माफ करा, सर. इथे जरा... आवाज झाला."

"सांग त्याला," नोरीन म्हणाली, "आई जमीन दुरुस्त करतेय."

लिनेट वळून खाली गेली. दार आपटलं नाही, तेच जास्त लागलं.

"जास्त बोलले का?" नोरीनने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"परत घेणार नाही."

"मी घे म्हटलेलं नाही."

"मग चहा ठेव. आज हात लावलास तरी चालेल."

दोन दिवस मायलेकी एकमेकींशी बोलल्या नाहीत. घरात एकच आवाज होता, ड्रिलचा. नोरीनने मंगळवार-गुरुवारची वाट बघितली नाही, लिनेटची ऑफिसची वेळ बघितली नाही. उरलेल्या फुल्या ती दिवसाढवळ्या संपवत सुटली. बुधवारी दुपारी तिने हार्वी बेला स्वतः फोन लावला. मी तिथेच होतो. "माझ्या नावाची खोली आहे ना, ती दुसऱ्या कुणाला द्या. हो, समुद्र दिसणारी. नाही, मेलेली नाहीये मी. मीच बोलतेय."

गुरुवारी लिनेट पोहायला गेली नाही. अकराच्या सुमारास ती वर आली, शेवटच्या फळीशी बसलेल्या आईकडे बघत उभी राहिली. मदतीला वाकली नाही. एकदा तिची बोटं हलली, पण तिने हात पाठीमागे बांधून घेतले. नोरीन उठून उभी राहिल्यावर ती म्हणाली, "आई, मी काही दिवस इथे राहू का? मला जायला जागा नाहीये."

"राहा की," नोरीन म्हणाली. "झाडू मात्र वर आणून ठेव. तो झाडायला असतो."

लिनेट ऑगस्टअखेरपर्यंत राहिली. मग तिने दोन गल्ल्या पलीकडे, बेकरीच्या मागे, एक छोटं घर भाड्याने घेतलं. टुवूम्बाचं घर विकलं गेलं. ती आता रविवारी दुपारी जेवायला येते, मीही असतो. नोरीन मटण आणि भोपळा भाजते आणि कुणाला ओव्हनला हात लावू देत नाही.

दोघींचं पटलं असं मी म्हणणार नाही. लिनेटला अजूनही वाटतं की आपलंच बरोबर होतं. मला तिने तसं दोनदा सांगितलं आहे आणि जानेवारीतले ते दोन तास आठवले की मला तिला चूक म्हणता येत नाही. गेल्या रविवारी ती एक डबी घेऊन आली. आत गळ्यात घालायचं यंत्र होतं, लाल बटण असलेलं. पडलं आणि दाबलं की रुग्णवाहिका येते म्हणे.

नोरीनने ते हातात घेऊन उलटंपालटं केलं, दोरी डोक्यावरून गळ्यात घातली आणि ताट पुढे ओढलं.

"घालशील ना, आई? रोज?" लिनेटने विचारलं.

"रविवारी घालेन. तू येतेस तेव्हा."

"रविवारी मी इथेच असते! त्याचा काय उपयोग?"

"तुला बरं वाटेल," नोरीन म्हणाली. "बटाटे घे. डेस, तूही घे, गार होतायत."

लिनेटने बटाट्यांचं भांडं ओढलं आणि नको तेवढ्या जोराने चमचा आपटून स्वतःच्या ताटात तीन वाढून घेतले.